ग्रां प्रीचा ट्रॅक कुठे बांधावा?

30 ऑक्टोबर 2011 रोजी ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर सचिन तेंडुलकरने चौकटीचा झेंडा फडकवला आणि भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत सेबास्टियन व्हेटेलने जिंकली. त्या दिवशी सुमारे 95 हजार प्रेक्षक आले होते. चालकांनी ट्रॅकची मनापासून तारीफ केली होती. करार पाच वर्षांचा होता. प्रत्यक्षात तीनच शर्यती झाल्या, तिन्ही व्हेटेलनेच जिंकल्या, आणि 2013 नंतर इंडियन ग्रां प्री वेळापत्रकात परतली नाही.

आता हंगेरीकडे पाहा. बुडापेस्टजवळचा हंगारोरिंग हा अरुंद, वळणावळणाचा ट्रॅक. पुढच्या गाडीला मागे टाकणे तिथे इतके अवघड, की शनिवारच्या पात्रता फेरीतच अर्धा निकाल लागतो असे चालक म्हणतात. तरीही 1986 पासून तिथली शर्यत एकदाही चुकलेली नाही. कोविडच्या 2020 सालीसुद्धा ती झाली. म्हणजे शर्यतीसाठी जो ट्रॅक सरस, त्यावरची ग्रां प्री तीन वर्षांत बंद पडली, आणि ज्याला सगळे नावे ठेवतात तिथली टिकली. नव्या ग्रां प्रीसाठी जागा कशी निवडावी हे समजून घ्यायला ही जोडी फार उपयोगी आहे.

आधी नियम पाहू. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, ट्रॅकला दर्जा देतो. फॉर्म्युला वनसाठी पहिला दर्जा लागतो आणि तो परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. नव्या ट्रॅकची लांबी निदान 3.5 किलोमीटर हवी. सरळ पट्टा 2 किलोमीटरपेक्षा लांब नको. रुंदी किमान 12 मीटर आणि जिथून शर्यत सुटते तिथे 15 मीटर. सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या वळणापर्यंत निदान 250 मीटर अंतर हवे. वीस-बावीस गाड्या एकाच वेळी सुटतात. वळण फार जवळ असले तर त्या पांगायच्या आत एकमेकींवर आदळतात, म्हणून ही अट. मोनाकोची फेरी 3.337 किलोमीटरची आहे आणि बाकूच्या जुन्या शहरातला रस्ता एके ठिकाणी जेमतेम 7.6 मीटर रुंद आहे, पण ही सवलत मोनाकोला इतिहासामुळे आणि बाकूला खास परवानगीने मिळालेली आहे. नव्या माणसाने त्यावर भिस्त ठेवू नये.

नियमांत बसणारी जमीन पुष्कळ ठिकाणी सापडते. पुढचा प्रश्न असा, की त्या जमिनीवर शर्यत रंगेल का? मागची गाडी पुढच्या गाडीजवळ आली की तिला ढवळलेली हवा मिळते. गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर कमी होतो आणि वेगवान वळणावर ती घसरू लागते. त्यामुळे वेगवान वळणाच्या पाठोपाठ सरळ पट्टा आला तर मागचा चालक आधीच दूर पडलेला असतो. उलट हळू वळण, मग लांब सरळ पट्टा, मग जोरात ब्रेक दाबायला लावणारे दुसरे हळू वळण, असा क्रम असला तर हळू वळणावर हवेच्या जोराला फारसे महत्त्व नसते, दोघे जवळजवळ राहतात आणि पट्ट्याच्या शेवटी झुंज होते. जर्मन रचनाकार हेर्मान टिल्के यांनी हा क्रम कित्येक ट्रॅकवर वापरला. बुद्ध सर्किटही त्यांचेच. 5.125 किलोमीटर, 16 वळणे, शर्यतीच्या 60 फेऱ्या. तिसरे वळण चढावर, त्यानंतर किलोमीटरहून लांब सरळ पट्टा, आणि चौथ्या वळणाचे तोंड मुद्दाम रुंद केलेले, म्हणजे आत शिरायच्या दोन-तीन वाटा खुल्या राहतात. यमुनेकाठची जमीन मुळात सपाट. तिथले चढउतार मातीचे भराव टाकून उभे केले. काम उत्तम झाले होते, याबद्दल मला शंका नाही.

सपाट जमिनीवर डोंगर रचण्यापेक्षा डोंगरउतारावरच जागा शोधणे स्वस्त पडते, आणि इथे हंगेरी पुन्हा आठवते. फॉर्म्युला वनचे त्या काळचे सर्वेसर्वा बर्नी एकलस्टन यांना खरे तर मॉस्कोत शर्यत हवी होती. पोलादी पडद्याआड पहिली ग्रां प्री भरवायची हा त्यांचा ध्यास. मॉस्कोचे जमेना, तेव्हा बुडापेस्टचे नाव पुढे आले. एकलस्टन यांच्या डोळ्यांपुढे मोनाकोसारखा शहरातला ट्रॅक होता. बुडापेस्टच्या नेपलिगेट बागेत 1936 साली ग्रां प्री झालीही होती आणि ती ताझिओ नुव्होलारीने जिंकली होती. पण हंगेरियन सरकारने शहराबाहेर नवा ट्रॅक बांधायचे ठरवले. मोग्योरोद गावाजवळ, बुडापेस्टपासून साधारण 19 किलोमीटरवर, महामार्गाला लागून एक दरी होती. दरीच्या तळाशी आणि उतारांवर ट्रॅक, भोवतीच्या टेकड्यांवर प्रेक्षक. एका जागी बसून ट्रॅकचा बहुतेक भाग दिसतो. तिकीट काढणाऱ्याला याचे मोल किती ते पाहा. सपाट ट्रॅकवर प्रेक्षकाला गाडी दोन-तीन सेकंद दिसते आणि मग तो दीड मिनिट वाट पाहत बसतो.

काम 1985 च्या ऑक्टोबरात सुरू झाले आणि 1986 च्या मार्चमध्ये ट्रॅकवर पहिली शर्यत झालीसुद्धा. खोदकामात जमिनीखाली झरा लागला, त्याला वळसा घालण्यासाठी तिसऱ्या वळणाजवळ एक हळू वळण जास्तीचे घालावे लागले. 1989 साली ते काढून टाकले. 10 ऑगस्ट 1986 च्या पहिल्या ग्रां प्रीला दोन लाखांच्या आसपास माणसे लोटली. नेल्सन पिकेने पहिल्या वळणावर बाहेरच्या बाजूने गाडी घसरवत आयर्टन सेनाला मागे टाकले, ते दृश्य आजही दाखवले जाते.

दोन लाख माणसे आली ती काही सगळी हंगेरियन नव्हती. ऑस्ट्रियाची सीमा जवळ, जर्मनी, इटली, पोलंड मोटारीने येण्याजोगे. तारीख उन्हाळी सुट्टीतली. हॉटेले युरोपातल्या इतर राजधान्यांच्या मानाने स्वस्त. पूर्व युरोपात तेव्हा दुसरी ग्रां प्री नव्हती. ट्रॅकमागे सरकार होते आणि पुढे राजवट बदलली तरी नव्या सरकारांनीही पाठिंबा काढला नाही. ट्रॅक कंटाळवाणा असल्याची टीका चाळीस वर्षे चालू आहे, पण येणारा माणूस तरी दर वर्षी येतोच.

याच्या दुसऱ्या टोकाला दक्षिण कोरिया. तिथला ट्रॅक सोलपासून जवळजवळ 400 किलोमीटर दूर, देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात यंगामला बांधला. कल्पना अशी, की आधी ट्रॅक बांधू, भोवती शहर आपोआप वसेल. नकाशावर ट्रॅकचा अर्धा भाग त्या भावी शहराचा रस्ता होता. शहर वसलेच नाही. 2010 च्या पहिल्या शर्यतीआधी जेमतेम बारा दिवस एफआयएची मंजुरी मिळाली, जी नियमाप्रमाणे तीन महिने आधी व्हायला हवी होती. डांबर ताजे, त्यात पाऊस. ताज्या डांबरातले तेल महिनोन्महिने वर येत राहते आणि टायरची पकड सुटते. त्या दिवशी सुरक्षा गाडीच्या मागे रांगेने फिरण्यातच बराच वेळ गेला आणि शर्यत संपेपर्यंत अंधार पडत आला. सात वर्षांचा करार चार शर्यतींत गुंडाळला गेला. ओसाड जागी ट्रॅक बांधला की भोवती भरभराट होते, ही समजूत जगभर महागात पडली आहे. इस्तंबूलच्या ट्रॅकचे आठवे वळण म्हणजे चालकांचा जीव की प्राण, पण प्रेक्षकांअभावी 2011 नंतर तो वेळापत्रकाबाहेर गेला आणि पुन्हा आला तो 2020 साली, कोविडमुळे इतर शर्यती रद्द झाल्यावर.

हवामानाकडे जागा निवडणाऱ्यांचे दुर्लक्ष होते तेव्हा नुकसान तत्काळ दिसते. मलेशियातले सेपांग हे उत्तम सर्किट. विमानतळाला लागून, चांगल्या रस्त्यांवर. पण 2009 साली युरोपातल्या टीव्ही प्रेक्षकांच्या सोयीसाठी शर्यत संध्याकाळी पाचला ठेवली. विषुववृत्ताजवळ संध्याकाळी कोसळणारा पाऊस आला, खेळ थांबला आणि निकाल 31 फेऱ्यांवर धरला गेला. उजेड गेल्यामुळे तो पुन्हा सुरू झाला नाही, चालकांना निम्मे गुण मिळाले. जर्मनीत न्यूरबुर्गरिंगला 2020 च्या ऑक्टोबरात शुक्रवारचे दोन्ही सराव रद्द झाले, कारण धुक्यामुळे रुग्णवाहू हेलिकॉप्टर इस्पितळापर्यंत उडू शकत नव्हते. जखमी चालकाला वेळेत इस्पितळात नेता येत नसेल तर गाडी पिटमधून बाहेर सोडत नाहीत. उत्तर भारतातल्या हिवाळी धुक्याचा विचार करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. इंडियन ग्रां प्री ऑक्टोबरअखेरीस ठेवली होती हे त्या दृष्टीने शहाणपणाचे होते. पाऊस सरलेला आणि दाट धुके अजून सुरू न झालेले.

मग शहरातच का नाही शर्यत घ्यायची? जमीन विकत घ्यायला नको, प्रेक्षक मेट्रोने येतील, हॉटेले तयार आहेत. सिंगापूरने 2008 साली पहिली रात्रीची ग्रां प्री भरवली ती याच हिशेबाने. दिव्यांच्या उजेडात उजळलेली गगनचुंबी शहररेषा जगभर दिसली आणि युरोपातल्या प्रेक्षकाला दुपारी शर्यत पाहता आली. तिथले सरकार खर्चाचा सुमारे 60 टक्के वाटा उचलते, कारण पैसा पर्यटनातून परत येतो असे त्यांचे गणित आहे. पण शहरी ट्रॅक म्हणजे दर वर्षी कठडे, जाळ्या, स्टँड उभारायचे आणि पुन्हा उतरवायचे, आणि तेवढे दिवस रस्ते बंद. शिवाय रोजच्या रस्त्यात गटारांची झाकणे असतात. फॉर्म्युला वन गाडीच्या तळाखाली हवेची इतकी ओढ तयार होते की सैल झाकण उचकटले जाते. 2023 साली लास व्हेगासच्या पहिल्या सरावात, जेमतेम आठ-नऊ मिनिटांत, कार्लोस साइन्झच्या फेरारीचा तळ अशाच एका झाकणाने फोडला. सराव थांबला, दुसरा सराव पहाटे अडीचला सुरू झाला आणि तोवर प्रेक्षकांना घरी पाठवलेले होते. झाकणे वेल्डिंग करून घट्ट बसवणे हे काम आता शहरी ट्रॅकच्या तयारीत अगदी वरच्या क्रमांकावर आहे.

माद्रिदने यातून मधला मार्ग काढला आहे. 2026 ते 2035 साठी झालेला तिथला करार जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाला. जागा विमानतळाजवळच्या इफेमा प्रदर्शन केंद्राभोवतीची. मोठमोठी दालने, वाहनतळ, मेट्रो, वीज, पाणी आधीच तिथे आहे, आणि वर्षभर प्रदर्शने चालत असल्याने जागा रिकामी राहत नाही. थोडा रस्ता सार्वजनिक, थोडा नव्याने बांधलेला. आजच्या घडीला कुणी माझे मत विचारले तर नव्या यजमानासाठी हाच आराखडा मला सर्वांत समजूतदार वाटतो.

आता भारत. ग्रां प्रीसाठी कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, मुंबई अशी नावे 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून येत-जात राहिली. हैदराबादची योजना चंद्राबाबू नायडूंच्या काळात बरीच पुढे गेली होती, 2004 साली सरकार बदलले आणि ती बारगळली. 2007 साली भारतीय ऑलिंपिक संघटनेने, तेव्हाचे अध्यक्ष पुण्याचे सुरेश कलमाडी, एकलस्टन यांच्याशी प्राथमिक करार केला. जागा शेवटी उत्तर प्रदेशातल्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात ठरली. जेपी समूहाच्या हाती यमुना एक्स्प्रेसवेचे काम होते आणि त्याला लागून मोठ्या क्रीडानगरीची योजना होती. ट्रॅक त्या नगरीचे मुख्य आकर्षण. म्हणजे शर्यतीचा डोलारा घरांच्या आणि भूखंडांच्या विक्रीवर उभा होता. मला वाटते, मूळ चूक इथे झाली. बांधकामाचा बाजार मंदावला की शर्यतीचा पैसा आटणार, हे ठरलेलेच होते.

दुसरी अडचण सरकारी कागदांतली. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने फॉर्म्युला वनला खेळ न मानता करमणूक मानले. साहजिकच खेळाला मिळणाऱ्या सवलती मिळाल्या नाहीत आणि सीमाशुल्काचा प्रश्न दर वर्षी उभा राहिला. राज्य सरकारने करमणूक कर माफ केला, त्यावर जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि पहिल्या शर्यतीच्या काही दिवस आधी न्यायालयाने तिकीटविक्रीच्या 25 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितले. प्राप्तिकराचा वाद तर 24 एप्रिल 2017 पर्यंत चालला. यजमानपदाच्या हक्कासाठी जेपीने फॉर्म्युला वनच्या कंपनीला 4 कोटी डॉलर द्यायचे होते. शर्यतीच्या दिवसांत सर्किट त्या कंपनीच्या ताब्यात असते, म्हणून ते तिचे भारतातले कायम ठिकाण ठरते आणि तिथल्या उत्पन्नावर भारतात कर लागतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. आंतरराष्ट्रीय करकायदा शिकणाऱ्यांना हा निकाल आज वाचावाच लागतो. पण तो लागला तेव्हा शर्यत जाऊन साडेतीन वर्षे झाली होती.

प्रेक्षकही पहिल्या वर्षाएवढे राहिले नाहीत. 2012 साली आकडा 65 हजारांवर आला. ट्रॅक दिल्लीपासून सुमारे 50 किलोमीटरवर, मेट्रो तिथवर नव्हती. वर्षातले बहुतेक दिवस ट्रॅकवर काही चालत नसे, त्यामुळे आजूबाजूच्या शेतांतली धूळ डांबरावर साठे. पहिल्याच सरावाच्या वेळी एक कुत्रा ट्रॅकवर शिरला तेव्हा आपल्याकडे बरीच चेष्टा झाली. माझ्या मते तो चेष्टेचा विषय नव्हता. ताशी 300 किलोमीटरने येणाऱ्या गाडीपुढे जनावर येणे म्हणजे मृत्यूच, आणि कुंपणाची ती त्रुटी स्थळपाहणीतच सापडायला हवी होती. पुढे जेपी समूह कर्जात रुतला, 2020 साली यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणाने क्रीडानगरीच्या जमिनीचे वाटप रद्द केले. सप्टेंबर 2023 मध्ये मोटोजीपीची दुचाकी शर्यत त्याच ट्रॅकवर झाली आणि मार्को बेझ्झेकीने ती जिंकली, पण 2024 ची शर्यत झालीच नाही. हैदराबादला हुसेनसागराच्या काठाने फेब्रुवारी 2023 मध्ये विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली. त्याच वर्षाअखेरीस राज्यात सत्ताबदल झाला आणि पुढची शर्यत रद्द. 2004 चीच गोष्ट पुन्हा घडली.

महाराष्ट्रात का नाही, असे मराठी वाचक विचारतोच, आणि प्रश्न रास्त आहे. पुणे, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात देशातला मोठा वाहनउद्योग आहे. अहिल्यानगरला संरक्षण खात्याच्या संस्थेचा चाचणी ट्रॅक आहे, कोल्हापुरात रेसिंगची जुनी आवड आहे. अडचणीही खऱ्या आहेत. जून ते सप्टेंबर बाद. देशावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यावर डांबर टाकले तर काही ऋतूंत लाटा उठतात, म्हणून ती खोलवर काढून मुरूम भरावा लागतो. त्यापेक्षा सह्याद्रीच्या पूर्व उतारालगतची मुरमाड, थोडी चढउताराची, महामार्गाजवळची माळरानाची जागा बरी. पण ती घेण्याआधी तिथल्या शेतकऱ्याशी आणि मेंढपाळाशी बोलावे लागेल, आणि वाहन कंपन्यांनी वर्षातले किती दिवस तो ट्रॅक चाचणीसाठी भाड्याने घेऊ हे लेखी द्यावे लागेल. त्या लेखी हमीशिवाय एक घमेले मातीही हलवू नये.

ट्रॅक वर्षभर चालता ठेवणे भारतात जमलेले आहे, आणि तेही कुठल्या ग्रां प्रीविना. पूर्वी चेन्नईजवळच्या शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर शर्यती होत. तिथल्याच हौशी मंडळींच्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला साधारण 3.7 किलोमीटरचा ट्रॅक बांधला आणि 1990 साली तो सुरू झाला. शेजारी मोटारकारखाने आले, चाचण्या, प्रशिक्षण, दुचाकी आणि चारचाकी राष्ट्रीय स्पर्धा यांनी वर्ष भरून जाते. तो क्लबच्या मालकीचा आहे आणि अजून चालू आहे. पुढची इंडियन ग्रां प्री मागायला जाणाऱ्या राज्याने आपले अधिकारी मोनाकोला पाठवण्याआधी इरुंगाट्टुकोट्टईला पाठवावेत, आणि तिथल्या क्लबचे जमाखर्चाचे वही-खाते मागून वाचावे.